कोळ्याला राहू दे, बयो

बयो, घरात कोळी दिसला की तुझ्या अंगावर सरसरून काटा येतो, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मी तुला रागावणार नाही. लहानपणापासून मुरलेली भीती कुणी रागावलं म्हणून जात नाही. पण नव्या घरात दर तीन महिन्यांनी फवारणी करून घ्यायचं वर्षाचं कंत्राट तू देणार आहेस असं आईकडून कळलं, आणि वाटलं, सही करायच्या आधी तुझ्याशी निवांत बोलावं. घरात रांगतं बाळ आहे. फरशीवर हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. बाल्कनीत तू हौसेनं कुंड्या लावल्या आहेस. फवारा मारणारा माणूस या दोन्हींच्या मधून फिरणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घरात आणि कुंडीत थोडे किडे असू देत. ते असले तरच त्यांना खाणारे टिकतात, आणि खाणारे टिकले तरच किडे थोडे राहतात. सगळ्यांना एकदम मारलं की किडे आधी परत येतात. खाणारे येतात मागाहून, फार उशिरा. हे एकदा मनात नीट बसलं की कोणाला हात लावायचा आणि कोणाला नाही, ते तुझं तुलाच कळायला लागेल.

आधी तुझ्या घरात कोण कोण राहतंय ते बघू.

बाथरूमच्या कोपऱ्यात छताजवळ उलटा लटकलेला, इवलंसं अंग आणि लांबच लांब बारीक पाय असलेला कोळी तू पाहिला असशील. त्याच्यावर फुंकर मारलीस तर तो सगळं जाळं गदागदा हलवतो. तुझ्यावर धावून येण्याचा त्याचा काही विचार नसतो. हलत राहिलं की शत्रूला आपण नेमके कुठे आहोत ते दिसत नाही, म्हणून ती धडपड. डास, चिलटं, आणि कधीकधी दुसरे कोळीसुद्धा तो खातो.

दुसरा खिडकीच्या चौकटीवर भरदिवसा फिरणारा, छोटा, करडा, केसाळ. दोन पावलं चालतो, थांबतो, आणि वळून तुझ्याकडे बघतो. खरंच बघतो. त्याला आठ डोळे असतात, त्यातले समोरचे दोन चांगले टपोरे, आणि कोळ्यांच्या जातीत याची नजर सगळ्यात तेज. शिकारीसाठी तो जाळं विणत बसत नाही, उडी मारून माशी धरतो. उडी मारायच्या आधी मागे रेशमाचा धागा चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी लटकून परत वर येता येतं. भीती घालवायची असेल तर याच्यापासून सुरुवात कर. हातभर अंतरावरून नुसतं बघत राहा.

तिसऱ्याला बघून मात्र भलेभले किंचाळतात. रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावला की भिंतीवर पाय पसरून तळहाताएवढा दिसणारा, चपटा, तपकिरी. तोही जाळं विणत नाही. रात्रभर फिरून शिकार करतो आणि झुरळं हे त्याचं आवडीचं खाणं. कधी त्याच्या पोटाखाली पांढरट, चपटी, गोल डबी दिसेल. ती मादी असते आणि डबीत तिची अंडी असतात. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती ते ओझं घेऊनच हिंडते. ज्या घरात हा कोळी दिसतो त्या घरात बहुतेक वेळा झुरळंही असतात. तेव्हा त्याला मारण्याआधी सिंकखालचं कपाट उघडून बघ.

चौथी पाल. पाल चुकचुकली, पाल अंगावर पडली, या सगळ्या गोष्टी आपण ऐकत आलो. आपल्या घरातली पाल विषारी नसते. ट्यूबलाइटजवळ बसून ती पतंग, डास, झुरळाची पिल्लं टिपत असते. पालीच्या पोटात सॅल्मोनेलासारखे जंतू मात्र असू शकतात, म्हणून अन्न झाकून ठेवायचं आणि पाल पडलेलं अन्न टाकून द्यायचं, हा घरातल्या मोठ्यांचा नियम बरोबरच आहे. फोटोफ्रेममागे तिच्या लेंड्या साठतात, त्या ओल्या फडक्यानं पुसून हात साबणानं धुवायचे.

तू विचारशील, आठव्या मजल्यावर हे कोळी येतात कुठून? कोळ्याची इवली पिल्लं उंच टोकावर चढतात, शेपटाकडून रेशमाचा बारीक धागा हवेत सोडतात आणि त्या धाग्याबरोबर उडून जातात. वाऱ्यानं नेलं तिकडे त्यांचं घर. 1883 साली इंडोनेशियातल्या क्राकाटाऊ बेटावर ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला, सगळं जळून राखेखाली गेलं. नऊ महिन्यांनी तिथे पोचलेल्या एडमंड कोटो या फ्रेंच प्रवाशाला अख्ख्या बेटावर जिवंत असं एकच काही दिसलं, जाळं विणणारा एक इवलासा कोळी. समुद्र ओलांडून राखेच्या बेटावर जाणाऱ्याला तुझ्या खिडकीची जाळी किती दिवस अडवणार? तो येतच राहणार. त्याच्याशी कसं राहायचं ते ठरवलेलं बरं.

आता चावण्याचं बोलू, कारण तुझी खरी काळजी बाळाची आहे. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांकडे थोडं विष असतं, पण ते किड्याला लुळं करण्यापुरतं. वर सांगितलेल्या घरच्या कोळ्यांपासून माणसाच्या जिवाला धोका नाही. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत, चाहूल लागली की पळतात. मोठा कोळी हातात दाबला गेला, कपड्यात चेंगरला, तर चावू शकतो. दुखतं, थोडं सुजतं. सूज वाढत गेली, ताप आला, बाळ मलूल वाटलं तर सरळ डॉक्टरांकडे जा, घरगुती लेप लावत बसू नकोस. रानात, जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी वेगळे, त्यांना कुणीच हात लावू नये. पण ते तुझ्या फ्लॅटमध्ये येत नाहीत.

आणि पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा डोळ्याजवळ लालभडक, जळजळणारा चट्टा उठतो, त्याला आपल्याकडे लगेच म्हणतात, अंगावर कोळी फिरला. पुष्कळदा ते काम एका वेगळ्याच किड्याचं असतं. पेडेरस नावाचा हा किडा मुंगीहून जरा मोठा, लांबट, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे. पावसाळी रात्री दिव्याकडे झेपावतो. तो चावतही नाही, नांगीही मारत नाही. अंगावर बसला आणि आपण तो चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीला लागतं, आणि एक-दोन दिवसांत तिथे चट्टा उठतो. म्हणून तो अंगावर दिसला तर थोपटू नकोस, फुंकर मारून उडव आणि ती जागा साबणानं धू. रात्री खिडकीजवळचा दिवा मालव, बाळाच्या पाळण्यावर मच्छरदाणी लाव. तेवढ्यानं भागतं. आणि हाच पेडेरस भातशेतात पिकावरचे तुडतुडे खातो. आपल्याला त्रास देणारा जीवसुद्धा कुठेतरी कामाचा असतो, हे ध्यानात ठेव.

आता बाल्कनीत चल. तुझ्या चवळीच्या वेलावर मावा पडलाय म्हणालीस. कोवळ्या शेंड्यावर हिरवट-काळे ठिपके दाटीनं चिकटलेले. फवारा मारावासा वाटणं अगदी साहजिक आहे. पण आधी भिंग घे, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघ.

मावा नराशिवायच वाढतो. मादी अंडी घालत बसत नाही, थेट जिवंत पिल्लं देते, आणि उबदार हवेत ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतात. त्याला खाणारा, पाठीवर काळे ठिपके असलेला तांबडा लेडीबर्ड भुंगेरा मात्र अंड्यातून पूर्ण वाढायला तीन-चार आठवडे घेतो. आता फवारा मारलास तर दोघंही मेले समज. वेलावर राहिलेला चुकार मावा पंधरा दिवसांत पुन्हा शेंडा भरून टाकील, आणि त्याला खायला कुणीच नसेल. मग तू पुन्हा फवारशील. असं एकदा सुरू झालं की फवारा हातातून सुटत नाही. शिवाय जे चुकार किडे वाचतात ते पुष्कळदा औषधाला दाद न देणारे असतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

भिंगातून काय बघायचं तेही सांगते. लेडीबर्डची अळी त्या सुंदर भुंगेऱ्यासारखी अजिबात दिसत नाही. काळसर, लांबट, अंगावर बारीक काटे आणि नारिंगी ठिपके. कितीतरी बायका तिलाच कीड समजून चिरडतात, आणि माव्याचा सगळ्यात मोठा खादाड तीच असते. पानाखाली बारीक दांड्यांवर उभे असलेले पांढरे ठिपके दिसले तर ती क्रायसोपा नावाच्या किड्याची अंडी, त्यांतून निघणाऱ्या अळ्याही मावा फस्त करतात. माव्यातले काही फुगून तपकिरी, कडक झालेले दिसले आणि त्यांच्या पाठीला गोल भोक असलं, तर डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक गांधीलमाशी तिथे येऊन गेली आहे. तिनं माव्याच्या अंगात अंडं घातलं, अळी आतून त्याला खाऊन मोठी झाली आणि भोक पाडून बाहेर पडली. यातलं एक जरी दिसलं तरी हात आवर. आठवडाभर थांब.

मुंग्यांवर मात्र लक्ष ठेव. मावा गोड चिकटा सोडतो, तो चाटायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात लेडीबर्डला हुसकावून लावतात. कुंडी विटांवर ठेवून त्या विटा पाण्याच्या ताटलीत ठेवल्यास की मुंग्यांची वाट बंद होते. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, नाहीतर तिथे डास होतील. मावा फारच वाढला तर पाण्याची जोरदार धार मार, शेंडा खुडून टाक, आणि अगदीच नाइलाज झाला तर निंबोळी अर्क. तो मार संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

थोडासा मावा राहू दे असं मी म्हणते ते एवढ्यासाठी. राखणदाराला पगार द्यावाच लागतो, आणि लेडीबर्डचा पगार म्हणजे तो मावा. वेल अगदी स्वच्छ ठेवलास तर लेडीबर्ड तुझ्या बाल्कनीत कशासाठी थांबेल?

आपल्या विदर्भ-मराठवाड्यातले जाणते कापूस शेतकरी हे मुद्दाम करतात. कपाशीच्या कडेनं चवळीच्या ओळी लावतात. चवळीवर मावा लवकर येतो, त्याच्यामागे लेडीबर्ड आणि क्रायसोपा येतात, तिथे वाढतात आणि मग कपाशीत शिरतात. कीड येऊ द्यायची म्हणून पीक लावायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण कृषी विद्यापीठंसुद्धा हीच शिफारस करतात. तिथे आणखी एक शिकण्यासारखं आहे, आर्थिक नुकसानीची पातळी. किडीनं होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होणार असेल तेव्हाच फवारायचं. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात, आणि एका सापळ्यात सलग 3 दिवस रोज 8 ते 10 पतंग अडकले तरच पुढचा उपाय करा असं सांगतात. दोन-तीन पतंग दिसले म्हणून कुणी घाबरून औषध ओतायचं नसतं. शेतात मोजूनच ठरवतात. आपण घरात एक झुरळ दिसलं की डबाभर विष उडवतो.

न मोजता, भीतीपोटी केलेल्या फवारणीची किंमत आपल्या राज्यानं मोजली आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उंच वाढलेल्या कपाशीत, घामेजल्या अंगानं, तोंडाला धड फडकंही नसताना ती माणसं फवारत होती. आपल्या अंगावरचा सुती कपडा अशाच शेतांतून येतो. म्हणून मला हा विषय बाल्कनीपुरता वाटत नाही.

दूरच्या दोन गोष्टी सांगते, कारण त्यांतून हे फार स्पष्ट दिसतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा 1880च्या दशकात पांढऱ्या, कापसाळ खवलेकिडीनं मरायला टेकल्या होत्या. ही कीड ऑस्ट्रेलियातून आली होती, मग तिला खाणाराही तिथेच असणार, म्हणून अल्बर्ट कोबेले यांना तिकडे पाठवलं. त्यांनी 1888-89 मध्ये व्हेडालिया नावाचे लेडीबर्ड धाडले आणि थोड्याच काळात बागा सावरल्या. पुढे 1940च्या दशकात तिथे डीडीटी फवारायला लागले, लेडीबर्ड मेले, आणि इतकी वर्षं दबून राहिलेली तीच खवलेकीड पुन्हा उसळली.

दुसरी गोष्ट भाताची आणि कोळ्यांची. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भात करपून जायचा, म्हणून सरकार स्वस्तात औषधं द्यायचं आणि शेतकरी भरपूर फवारायचे. तरी तुडतुडे वाढतच होते. पीटर केनमोर आणि इतर शास्त्रज्ञांनी कारण दाखवून दिलं. तुडतुड्याची अंडी भाताच्या खोडात सुरक्षित असतात, फवारा तिथपर्यंत पोचत नाही. वर उघड्यावर फिरणारे कोळी मात्र मरतात. मग अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना रान मोकळं. 1986 साली तिथल्या सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे औषधांवरची सवलतही काढली, आणि शेतकऱ्यांना बांधावर बसवून मित्रकिडे ओळखायला शिकवलं. फवारणी कमी झाली आणि भाताचं पीक बुडालं नाही. आपल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानालाही तुडतुडे छळतात, आणि तिथल्या बांध्यांतही हेच कोळी फिरत असतात.

जगभरचे कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज मार्टिन निफेलर आणि क्लाउस बिर्खोफर या शास्त्रज्ञांनी 2017 साली मांडला. त्यातलं बहुतेक सगळं किडे. एवढं काम आपल्यासाठी फुकट होत असताना ते करणाऱ्यांना आपण झाडूनं ठेचतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हो, कढीपत्त्याच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर फेकू नकोस. ते फुलपाखराचं बाळ आहे. मोठी झाली की ती हिरवीगार होते, डिवचलं तर डोक्यामागून तांबडी, दुतोंडी शिंगं बाहेर काढते आणि वास सोडते. कढीपत्ता, लिंबू, संत्रं या एकाच कुळातल्या झाडांवर अशा अळ्या वाढतात. आपल्या महाराष्ट्रानं 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली काळी-निळी राणी पाकोळीसुद्धा लिंबाच्या कुळातली पानं खाऊनच मोठी होते. कढीपत्ता पुन्हा फुटतो. आमटीला आठवडाभर चार पानं कमी पडली तर बिघडत नाही. रोप फारच लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोड.

आता ज्यांना अजिबात थारा द्यायचा नाही, त्यांचं. सहन करायचं म्हणजे सगळंच सोसायचं असं मी म्हणत नाही. आपल्या लेकराला आजारी पाडणाऱ्यांशी मी तुझ्याइतकीच कठोर आहे.

डासांना माफी नाही. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, कूलर, सगळं रिकामं करायचं. नुसतं ओतून भागत नाही, आतून घासायचं, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात. धुराच्या फवारणीनं फक्त उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. म्हणून धूर येऊन गेला की निश्चिंत होऊ नकोस.

झुरळांनाही नाही. पण त्यांच्यासाठी घरभर फवारा लागत नाही. रात्री ओटा आणि सिंक कोरडं कर, खरकटी भांडी ठेवू नकोस, कचऱ्याचा डबा झाकून ठेव, नळाखालच्या पाइपाभोवतीची भोकं बुजव. मग बिजागऱ्यांत आणि फटींत जेलचे ठिपके लाव, बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी. ते खाऊन झुरळ मरतं, आणि हवेत आणि फरशीवर विष पसरत नाही. बोरिक पावडरच्या गोळ्या घालणार असशील तर त्याही उंचावर किंवा बंद कपाटाच्या मागे, बाळासाठी तेही विषच आहे.

उंदीर घरात नकोच. सापळा लाव, येण्याच्या वाटा बंद कर. विषाच्या वड्या टाळ, कारण ते खाऊन सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबड उचलतं आणि त्याच्याबरोबर विषही खातं. जुन्या इमारतींच्या पोकळ्यांत राहणारी ही घुबडं उंदरांवरच जगतात. लोक त्यांना अशुभ म्हणतात, मला ती फार उपकारी वाटतात. वाळवी चौकटीला लागली तर जाणकाराला बोलव, तिथे हयगय नको. ढेकूण झाले तरी तेच. आणि सोसायटीच्या आवारात साप दिसला तर लांब राहून सर्पमित्राला बोलवायचं. धामण असेल तर ती बिनविषारी, उंदरांमागे आलेली असते. पण ओळखायचं काम आपलं नाही, कारण घोणस आणि मण्यारही आपल्याच भागात असतात.

घरातल्या माणसांचं काय करायचं, हेही तुझ्या मनात असेल. सासूबाईंना जाळं दिसलं की घर अस्वच्छ वाटतं, आणि त्यांची बाजू खोटी नाही. धूळ बसलेली, काळवंडलेली जळमटं सोडून दिलेली असतात, त्यांत कुणी राहत नाही. ती खुशाल काढ, दसरा-दिवाळीची वाट कशाला बघायची? त्यांना एवढंच सांग की ज्या जाळ्यात कोळी बसलाय ते बाथरूमच्या खिडकीजवळचं आणि बाल्कनीतलं एक-दोन राहू द्या. देवघर, स्वयंपाकघर आणि बाळाची खोली त्यांच्या मर्जीप्रमाणे. अशी वाटणी केलीस तर वाद होत नाहीत. नको त्या ठिकाणी कोळी आला तर त्याच्यावर काचेचा ग्लास उपडा घाल, खालून जाड कागद सरकव आणि बाल्कनीतल्या झाडावर सोड. पहिल्यांदा हात थरथरेल. तेव्हा भाऊजींना ग्लास धरायला सांग, कागद तू सरकव.

बाळासमोर किंचाळू नकोस, एवढी एक विनंती. मुलं भीती आपल्या चेहऱ्यावरून शिकतात. तुझी भीती असू दे, पण ती त्याला वारशात द्यायची गरज नाही. हात लावायचा नाही, पण बघायचं, एवढं त्याला शिकवलंस तरी तो सावध होईल आणि भित्राही होणार नाही.

शेवटचं सांगते, आणि हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. आपलं घर आपण सांभाळू, पण खाली बागेत दर महिन्याला माळीकाकांच्या हाती पंप देऊन सगळ्या झाडांवर सरसकट औषध मारत असतील, तर लेडीबर्ड येणार कुठून आणि बेडूक राहणार कुठे? बेडकांची तंगडी परदेशी पाठवायला आपल्या देशानं 1987 साली बंदी केली, त्यामागे शेतातले किडे खाणारं कुणी उरणार नाही ही काळजीसुद्धा होती. गोव्यात आणि कोकणात पहिल्या पावसात अजूनही चोरून बेडूक पकडतात, आणि ते थांबवण्यासाठी लोक रात्री जागतात. तुला रात्री जागायचं नाही. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हात वर करून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणती कीड दिसली म्हणून फवारताय? कोणतं औषध, आणि ते कुणी ठरवलं? पाणी साठणाऱ्या जागा आधी तपासल्या का? उत्तरं मिळाली नाहीत तर फवारणी एक महिना थांबवून बघा असं सुचव. लोक आधी भुवया उंचावतील, पण बिल कमी होणार म्हटल्यावर खजिनदार तुझ्या बाजूनं बोलेल. आणि तुझ्या घरच्या कंत्राटाचं म्हणशील, तर त्यांना सांग, झुरळांसाठी जेल लावून जा आणि बाकी काही फवारू नका. तेवढंच कामही ते करतात. मागावं मात्र आपल्याला लागतं.